फेस्टिव्हलला चॅरिटी स्टुअर्ड म्हणून पहिल्यांदा जाताय? अर्ज करण्यापासून टॅबार्ड परत देईपर्यंत सगळं

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा कामासाठी आलेली आपली बरीच मंडळी उन्हाळा जवळ आला की विचारतात, फेस्टिव्हलची तिकिटं परवडत नाहीत, ते स्टुअर्डिंग करून जाता येतं म्हणे, ते काय असतं? २०२५ ला ग्लास्टनबरी फेस्टिव्हलचं तिकीट ३७३.५० पाउंड होतं, वर ५ पाउंड बुकिंग फी, आणि एवढं असूनही तिकिटं तासाभराच्या आत संपतात, त्यामुळे हा प्रश्न पडणारच. उत्तर हो असंच आहे, येतं जाता. पण तिकिटाऐवजी तुम्ही तास देताय, आणि ते तास कुणाच्या तरी कामाचे असतात, हे आधी नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं.

पैसा कुठून कुठे जातो

एवढ्या लोकांचा मेळावा भरवायचा तर लायसन्ससाठी ठरलेल्या संख्येने स्टुअर्ड, म्हणजे लोकांना वाट दाखवणारे आणि लक्ष ठेवणारे कार्यकर्ते, लागतात, गेटवर, कॅम्पसाईटमध्ये, पार्किंगला, रस्त्यांच्या क्रॉसिंगला. फेस्टिव्हलवाले हे काम एखाद्या चॅरिटीला, म्हणजे सेवाभावी संस्थेला, देतात आणि त्याचे पैसे चॅरिटीला मोजतात. तुम्ही पगार घेत नाही, म्हणून ती रक्कम संस्थेच्या कामाला जाते. ऑक्सफॅम १९९३ पासून हे करतेय आणि आज या क्षेत्रातलं सगळ्यात ओळखीचं नाव तेच आहे. म्हणजे तुम्ही पहाटे चार वाजता गेटवर उभे आहात ते तास हीच तुमची देणगी. आणि तुम्ही शिफ्टला आला नाहीत तर ती पोस्ट रिकामी राहते, सुपरवायझरला कुणाला तरी झोपेतून उठवावं लागतं, आणि संस्थेचं नाव खराब होतं ते वेगळंच. नुसते बँड बघायला जायचं असेल ना, तर पैसे साठवून तिकीट काढा. मी हे मनापासून सांगते, कारण अर्धवट मनाने आलेला माणूस स्वतःही मजा करत नाही आणि शेजारच्यालाही करू देत नाही.

सगळ्याच संस्था स्टुअर्डिंग करत नाहीत हेही लक्षात घ्या. ग्लास्टनबरीला ऑक्सफॅम, ग्रीनपीस आणि वॉटरएड या तीन मोठ्या संस्था असतात, पैकी वॉटरएडचे व्हॉलंटियर पाण्याच्या किऑस्कवर आणि टॉयलेटच्या कामावर असतात. टॉयलेटचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात पण त्या टीममध्ये लोक वर्षानुवर्षं परत येतात.

फेस्टिव्हल कुठला घ्यायचा

माझं मत स्पष्ट आहे, पहिलं वर्ष लहान किंवा मध्यम फेस्टिव्हलला द्या. ग्लास्टनबरी म्हणजे सॉमरसेटमधल्या पिल्टन गावच्या वर्दी फार्मवर आठवडाभरापुरतं उभं राहिलेलं दोनेक लाख लोकांचं शहर, आपल्या तंबूपासून पोस्टपर्यंत चालतच तास जाऊ शकतो. शिवाय तिथल्या जागांना प्रचंड मागणी, आणि बऱ्याच संस्था आधी काम केलेल्यांना अर्जात पुढे घेतात. आणि दर काही वर्षांनी ते शेताला विश्रांती म्हणून एक वर्ष फेस्टिव्हल घेत नाहीत, २०१८ ला घेतला नव्हता, २०२६ लाही सुट्टीच, त्यामुळे लहान ठिकाणी हात बसवून मग तिकडे वळायचं हा चांगला मार्ग आहे. सफकमधल्या लॅटिट्यूडसारख्या ठिकाणी लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं भरपूर असतात, वातावरण निवांत असतं. कुठली संस्था कुठल्या फेस्टिव्हलला असते ते वर्षागणिक बदलतं, म्हणून संस्थेच्या साईटवरची त्या वर्षीची यादीच बघा, मित्राने सांगितलेल्या गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका.

आणखी एक, 'व्हॉलंटियर स्टुअर्ड' म्हणून माणसं घेणाऱ्या काही खाजगी कंपन्याही आहेत. त्यात बेकायदेशीर काही आहे असं नाही, पण तुम्हाला चॅरिटीसाठीच काम करायचं असेल तर नोंदणी क्रमांक बघा. इंग्लंड आणि वेल्सच्या संस्था चॅरिटी कमिशनच्या ऑनलाईन रजिस्टरमध्ये सापडतात, दोन मिनिटांचं काम आहे.

व्हिसा, हे आधी बघा

हा भाग आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आणि यावर कुणी बोलत नाही. स्टुडंट व्हिसावर असाल तर तिथल्या नियमांत चॅरिटीसाठी केलेलं स्वयंसेवेचं काम आणि बिनपगारी नोकरीसारखं बांधील काम यात फरक करतात. पहिलं तुमच्या आठवड्याच्या तासांच्या मर्यादेत मोजत नाहीत, दुसरं मोजतात, आणि डिग्रीच्या विद्यार्थ्यांना टर्ममध्ये साधारण २० तासांचीच परवानगी असते. तुमचं काम नेमकं कशात बसतं हे स्वतः ठरवू नका, युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला संस्थेचं माहितीपत्रक जोडून ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत जाताजाता स्वयंसेवा करायला परवानगी आहे, पण येण्याचं मुख्य कारण ते असता कामा नये. म्हणजे वर रजिस्टर बघायला सांगितलं ते उगाच नाही.

अर्ज, डिपॉझिट, ट्रेनिंग

वय १८ पूर्ण लागतं. अर्ज बहुतेक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उघडतात, आणि नावाजलेल्या फेस्टिव्हलच्या जागा पटकन भरतात, त्यामुळे संस्थेच्या ईमेल यादीत नाव घालून ठेवा. अर्जात तब्येतीबद्दल विचारतील, तिथे खरं लिहा. गुडघा दुखतो, डायबेटिस आहे, रात्री एकटं उभं राहायला जमत नाही, काहीही असो. बसून करायची कामंही असतात आणि आधी सांगितलं तर तशी पोस्ट देतात, ऐनवेळी गेटवर सांगितलं तर सगळ्यांचीच अडचण.

डिपॉझिटचा प्रकार समजून घ्या. तुम्ही शिफ्ट न करता नुसते आत शिरून गायब होऊ नये म्हणून संस्था एक रक्कम अडकवून ठेवते, मोठ्या फेस्टिव्हलला ती जवळपास तिकिटाएवढी असू शकते. सगळ्या शिफ्ट पूर्ण केल्या की ती परत मिळते, पण लगेच नाही, फेस्टिव्हल झाल्यावर काही आठवडे जातात. तेव्हा भाड्याचे पैसे त्यात घालू नका. एखादी शिफ्ट चुकली किंवा मधूनच निघून गेलात तर डिपॉझिट जाऊ शकतं, ते नियम अर्ज करतानाच वाचा, आणि कुणाला यायला जमलं नाही तर किती दिवस आधी कळवायचं तेही.

ट्रेनिंग बहुतेक ऑनलाईन असतं, काही तासांचं. लोक ते पुढे पुढे ढकलत शेवटच्या रात्री क्लिक क्लिक करून संपवतात. असं करू नका, त्यात ज्या गोष्टी आहेत त्या खरंच वापराव्या लागतात, पुढे सांगतेच.

बॅगेत काय

जून-जुलै आहे म्हणून उन्हाळा समजू नका. दिवसा उन्हाने मान भाजते आणि रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास येतं, त्यात तुम्ही हालचाल न करता उभे. थर्मल, लोकरी टोपी, जाड मोजे हे जूनमध्येही न्यायचं. गमबूट हवेतच पण पूर्ण शिफ्ट गमबुटात उभं राहिलं की पाय बोलायला लागतात, म्हणून वॉटरप्रूफ हायकिंग बूटही घ्या आणि चिखल नसेल तर तेच घाला. पावसाळी जॅकेटबरोबर पावसाळी पँटही, ही सगळेच विसरतात. डोक्याला लावायचा टॉर्च, पाण्याची बाटली (ग्लास्टनबरीत २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी-कोल्ड्रिंक विकणंच बंद आहे), सनस्क्रीन, पॉवरबँक, साधं घड्याळ. परागकणांची ॲलर्जी असेल तर गोळ्या नक्की, कारण सगळं शेतातच असतं आणि इथला जून म्हणजे गवताच्या परागांचा महिना. कानात घालायचे इअरप्लग चांगल्यातले घ्या. इथे कामाच्या ठिकाणी आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला तर मालकाने कानांना संरक्षण द्यायलाच हवं असा २००५ चा नियम आहे, त्यामुळे स्टेजजवळ पोस्ट असेल तर मागितल्यावर मिळतात, पण स्वतःचे असलेले बरे.

आणि फोटो असलेलं ओळखपत्र. ते नसेल तर दारातूनच परत.

पोचल्यावर

स्टुअर्डना लोकांच्या आधी बोलावतात. ट्रेन-कोच वेळेत बुक करा, ग्लास्टनबरीला जवळचं स्टेशन कॅसल कॅरी. रिपोर्टिंगच्या जागी ओळखपत्र दाखवलं की रिस्टबँड, शिफ्टचं वेळापत्रक, जेवणाची कुपनं आणि टॅबार्ड म्हणजे ते चकचकीत जॅकेट मिळतं. राहायला स्टुअर्डचा वेगळा कॅम्प असतो, तिथे चहा, गरम पाण्याचे शॉवर, फोन चार्जिंग असल्या सोयी असतात ज्या तिकीट काढून आलेल्यांना स्वप्नात दिसतात. शाकाहारी आणि व्हीगन जेवण मिळतं, काळजी नको.

तंबू लावताना एक बघा, पुढेमागे रात्रपाळी झाल्यावर तुम्ही दिवसा झोपणार आहात. सकाळच्या उन्हात तंबू आठ वाजताच भट्टी होतो. झाडाची किंवा कुंपणाची सकाळची सावली मिळेल अशी जागा धरा, उशीर केलात तर ती जाते.

साधारण पद्धत अशी की तीन शिफ्ट, प्रत्येकी आठ तासांच्या आसपास, आणि त्यात सहसा एक सकाळची, एक दुपार-संध्याकाळची, एक रात्रीची. तुम्हाला हव्या त्या बँडच्या वेळी शिफ्ट आली तर ती आली. अदलाबदल काही ठिकाणी चालते पण ती सुपरवायझरला सांगूनच, आपापसात परस्पर नाही, कारण आग लागली किंवा जागा रिकामी करायची वेळ आली तर कोण कुठे उभं आहे हे कंट्रोल रूमला कळायला हवं.

शिफ्टवर नेमकं काय करायचं

आधी काय करायचं नाही ते. बॅगा तपासणं, कुणाला ओढून बाहेर काढणं, भांडणात मध्ये पडणं हे तुमचं काम नाही. ब्रिटनमध्ये सिक्युरिटीच्या या कामांना एसआयए नावाचं सरकारी लायसन्स लागतं आणि ती माणसं वेगळी असतात, तुमच्या आसपासच असतात. गणपती मंडळात दोरी धरून उभा राहिलेला कार्यकर्ता आणि बंदोबस्ताचा पोलीस यांच्यात जेवढा फरक, तेवढाच हा. तुमच्याकडे डोळे, तोंड आणि रेडिओ, एवढंच साहित्य.

गेटवर असाल तर रिस्टबँड बघायचे. कापडी पट्टी आणि तिच्यावर सरकणारी छोटी प्लास्टिकची क्लिप असते. नुसता रंग बघून सोडू नका, हात वर करायला सांगा, पट्टी मनगटावर नीट बसलीय का, क्लिपच्या खालची टोकं कापून परत चिकटवलेली नाहीत ना, एवढं बघायला दोन सेकंद पुरतात. माणसाला हात लावण्याआधी विचारा. हसून हॅलो म्हटलं की निम्मे लोक स्वतःच बाही वर करतात. खोटा वाटला तर वाद घालू नका, "एक मिनिट थांबता का, माझ्या सुपरवायझरला दाखवते" एवढंच, आणि पुढचं सुपरवायझर बघतील.

कॅम्पसाईटमध्ये असाल तर मुख्य काम आगीचं. तंबूंच्या रांगांमधून मोकळे रस्ते ठेवलेले असतात ते गाडी आत यावी म्हणून, आणि लोक नेमके तिथेच तंबू लावतात कारण तिथेच जागा दिसते. तंबू पूर्ण उभा राहायच्या आधी गाठा, निम्मा उभा असेल तर माणूस हलवतो, बिअर उघडून बसला की नाही हलवत. आणि कुणी बार्बेक्यू किंवा गॅस शेगडी तंबूच्या आत नेताना दिसलं तर तिथेच थांबवा, विझत आलेला बार्बेक्यूसुद्धा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेतच माणसं जातात. याबाबतीत भीड ठेवू नका. काही ठिकाणी उंच टॉवरवर बसून धूर बघायचं काम देतात, ते मिळालं तर घ्या, नजारा सुंदर असतो, पण उंचीची भीती असेल तर आधीच सांगा.

बाकी दिवसभर प्रश्न. टॉयलेट कुठे, पाणी कुठे, फोन कुठे चार्ज करायचा, कुठला स्टेज कुठे. शिफ्टच्या आधी अर्धा तास आपल्या पोस्टच्या आसपास फिरून या आणि पाच जागा पाठ करा: सगळ्यात जवळचं पाणी, टॉयलेट, फर्स्ट एड, वेल्फेअर तंबू (अडचणीत सापडलेल्यांना आधार देणारा), आणि व्हीलचेअर जाईल असा रस्ता. माहीत नसेल तर अंदाजाने बोट दाखवू नका. आठ तास नाचलेल्या माणसाला चिखलातून चुकीच्या दिशेला पाठवणं वाईट आहे, "मला नक्की माहीत नाही, विचारून सांगते" हे लोकांना अजिबात खटकत नाही.

गळ्यात सूर्यफुलांची हिरवी पट्टी घातलेलं कुणी दिसलं तर त्या व्यक्तीला न दिसणारं अपंगत्व असू शकतं. ही पट्टी २०१६ ला गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता सगळीकडे दिसते. काय झालंय हे विचारायचं नाही, "काही मदत हवीय का" एवढं विचारायचं आणि उत्तराला वेळ द्यायचा.

रेडिओ

नवख्यांना सगळ्यात जास्त भीती याची वाटते. बटण दाबा, एक क्षण थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग तुमचं, मग जागा, मग काय झालंय. जागा आधी सांगायचं कारण असं की तेवढ्यात सिग्नल गेला तरी माणूस पाठवता येतो. फेस्टिव्हलचे स्वतःचे सांकेतिक शब्द असतात, आगीला एक, हरवलेल्या मुलाला दुसरा, ते दर ठिकाणी वेगळे, म्हणून मिळालेलं कार्ड खिशात ठेवा आणि मागच्या फेस्टिव्हलचे शब्द इथे वापरू नका. लोकांसमोर रेडिओवर 'आग' असं ओरडायचं नाही यासाठीच तर ते असतात. कुणी कोसळलं तरी आधी रेडिओच, ९९९ ला फोन केलात तर बाहेरची ॲम्ब्युलन्स तुम्हाला शेतात शोधत बसेल, आतली मेडिकल टीम मिनिटांत पोचते.

मूल हरवलेलं सापडलं तर: खाली बसून त्याच्या उंचीवर या, दुसऱ्या स्टुअर्डला बोलवा म्हणजे तुम्ही एकटे नाही, आणि सापडलं तिथेच थांबा कारण आई-बाबा बहुतेक तिथेच परत येतात. मुलाचं नाव आणि वर्णन आसपासच्या लोकांना ओरडून सांगू नका. आणि "हो हो माझाच आहे" म्हणत कुणी आलं, मूल त्याच्याकडे धावलं, तरी कंट्रोलने खात्री केल्याशिवाय हात सोडायचा नाही. आई चिडेल, रडेल. तरीही.

बारीकशी शंका आली तरी वर कळवा

याच्यावर मी जरा थांबून बोलणार आहे. २२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनात कॉन्सर्ट संपताना बॉम्बस्फोट झाला, २२ जणांचा जीव गेला. नंतरच्या सार्वजनिक चौकशीत जे पुढे आलं ते प्रत्येक स्टुअर्डने वाचायला हवं: स्फोटाच्या आधी बाहेर थांबलेल्या एका माणसाला बॅग घेऊन आलेल्या हल्लेखोराचा संशय आला होता, त्याने तो तिथल्या कामगाराला बोलून दाखवला होता, आणि तरी ती गोष्ट कंट्रोल रूमपर्यंत पोचली नाही. त्या घटनेत जीव गमावलेल्या मार्टिन हेट यांच्या नावाने ओळखला जाणारा मार्टिन्स लॉ, म्हणजे सार्वजनिक जागांना दहशतवादी हल्ल्यापासून जपण्याचा कायदा, २०२५ ला मंजूर झाला, ट्रेनिंगमध्ये हा भाग येतो तो याच काळजीतून.

बेवारस बॅग दिसली की तीन प्रश्न शिकवतात. ती लपवून ठेवल्यासारखी आहे का? वायरी, बॅटरी असं उघडच संशयास्पद काही दिसतंय का? आणि अशा जागी अशी वस्तू नेहमी दिसते का? फेस्टिव्हलमध्ये हजार बॅगा पडलेल्या असतात आणि जवळजवळ सगळ्या कुणाच्या तरी विसरलेल्या असतात, म्हणून हे प्रश्न. पण उत्तर काळजीचं आलं तर हात लावू नका, लोकांना लांब करा, आणि वस्तूपासून १५ मीटरच्या आत रेडिओ किंवा फोन वापरू नका, लांब जाऊन मगच कळवा.

तेच गर्दीचं. स्टेजसमोर लोक स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाहीत, गर्दी लाटेसारखी डोलतेय, चेहऱ्यावर मजेऐवजी घाबरलेपण दिसतंय, तर वाट बघू नका. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांच्या पुढे गेलं की धोका वाढत जातो, आणि हे आतल्या माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, कडेला उभ्या असलेल्या तुम्हाला आधी दिसतं. तुम्ही सांगितलेलं खोटं ठरलं म्हणून कुणी रागवत नाही. शंका गिळून बसू नका, मग ती कितीही किरकोळ वाटो.

रात्रपाळी

मध्यरात्रीपर्यंत गंमत असते, लोक गात जातात, तुमच्याशी हात मिळवतात. खरी परीक्षा दोन ते साडेचार. संगीत मंदावतं, गवतावर दव पडतं, टॅबार्डच्या आत थंडी शिरते, आणि तेव्हाच एकटी पडलेली, मित्र हरवलेली, जास्त प्यायलेली किंवा काहीतरी घेतलेली माणसं तुमच्या गेटशी येतात कारण तिथे दिवा असतो. त्यांना उपदेश करू नका. बसवा, नाव विचारा, पाणी द्या, वेल्फेअरला कळवा. कुणी झोपलंय असं वाटलं तरी हाक मारून बघा, उठत नसेल तर कुशीवर वळवा आणि लगेच मेडिकल. कुणी एकटीच असलेली मुलगी "हा माझा मित्रच आहे" म्हणणाऱ्याबरोबर जायला कचरत असेल तर दोघांमध्ये सहज येऊन गप्पा सुरू करा आणि रेडिओवर सुपरवायझरला बोलवा.

स्वतःसाठी: शिफ्टच्या आधी दारू अजिबात नाही, वास आला तर परत पाठवतात. दुपारी दोन-तीन तास तरी झोप काढा. ब्रेकला नुसता चहा नको, पोटात काहीतरी घन जाऊ दे. आणि बदली येईपर्यंत पोस्ट सोडायची नाही, टॉयलेटला जायचं तरी जोडीदाराला किंवा रेडिओवर सांगून. जून अखेरीला पाच वाजायच्या आतच सूर्य वर येतो, त्यामुळे शेवटचा तास आपोआप सोपा होतो.

कुणी शिवीगाळ केली, वर्णावरून काही बोललं, तर ते 'फेस्टिव्हलमध्ये चालायचंच' म्हणून सोडू नका. मागे सरका, सिक्युरिटीला बोलवा, शिफ्ट संपल्यावर लिहून द्या. चांगल्या सुपरवायझरला हे हवंच असतं, तो पोस्ट बदलून देतो.

संपल्यावर

प्रत्येक शिफ्टनंतर सही करून बाहेर पडा, सही नसेल तर तुम्ही आलाच नव्हतात असं कागदावर दिसतं आणि डिपॉझिट अडकतं. टॅबार्ड आणि रेडिओ परत द्या, तंबू मात्र घरी न्या, सोडून जाऊ नका. शेवटची शिफ्ट रात्रीची असेल तर गाडी चालवायच्या आधी झोपा, संस्थेचे लोक तंबू थोडा उशिरा काढायला सहसा हरकत घेत नाहीत. परतल्यावर फीडबॅकचा फॉर्म येईल, तो भरा, कुठली पोस्ट अंधारी होती, कुठे पाणी लांब होतं हे तिथेच लिहायचं असतं. डिपॉझिट सांगितलेल्या तारखेपर्यंत आलं नाही तर अर्जाचा नंबर देऊन ईमेल करा, आणि बँक खातं किंवा कार्ड बदललं असेल तर ते आधीच कळवा. पुढच्या वर्षी अर्ज उघडले की जुन्या स्टुअर्डना वेगळी लिंक येते, ती ज्या ईमेलवर येणार तो युनिव्हर्सिटीचा असेल तर कोर्स संपायच्या आत बदलून घ्या.